भीमबेटका

भोपाळच्या दक्षिणेस सुमारे ४५ किलोमीटरवर, विंध्याच्या उतारावर सागाचे रान पसरले आहे. त्यातून वाट चढत गेले की वालुकाश्माचे प्रचंड खडक पडक्या किल्ल्याच्या बुरुजांसारखे समोर उभे राहतात. भीमाची बैठक ती भीमबेटका, अशी लोकांची समजूत. १९५७ साली उज्जैनचे चित्रकार व संशोधक विष्णु श्रीधर वाकणकर आगगाडीतून जात असता हे खडक त्यांच्या नजरेस पडले आणि तेथे जाऊन पाहिल्यावाचून त्यांना राहवले नाही.

येथे खडकांच्या कपारींत ७०० हून अधिक निवारे आहेत. त्यांपैकी ४०० हून अधिक निवाऱ्यांत चित्रे आहेत. तांबड्या गेरूने व पांढऱ्या रंगाने रेखलेली हरणे, गवे, रानडुकरे, फेर धरून नाचणारी माणसे! पाहणाऱ्याची दृष्टी भिंतीवरून हलत नाही, यात नवल नाही. मात्र घटकाभर निरखून पाहिले की काही ठिकाणी एका चित्रावर दुसरे चढलेले दिसते. जुन्या शिकाऱ्यापाशी घोडा नव्हता. तलवार घेतलेला घोडेस्वार हजारो वर्षांनी आला. खालची रेषा आधीची, वरची नंतरची, हे तेथे अक्षरशून्य माणसालाही उमगावे.

मातीचाही न्याय हाच. पण मातीकडे कोण पाहतो? पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वीरेंद्रनाथ मिश्र यांनी १९७३ ते १९७६ या काळात एका निवाऱ्याची जमीन थराथराने उकलली. वरच्या थरांत गारगोटीच्या जातीच्या दगडाची नखाएवढी पाती मिळाली. बाणाला किंवा काठीला ती खोचून बसवीत. त्याखाली मोठी हत्यारे आणि तळाशी मुठीत धरावयाच्या ओबडधोबड हातकुऱ्हाडी. माणसाने हा एकच आसरा लक्षावधी वर्षे पुनःपुन्हा जवळ केला होता. उत्खननात प्रत्येक दगड उचलण्यापूर्वी तो किती खोल व कशाशेजारी होता, हे लिहून ठेवतात. हे काम मोठे कंटाळवाणे खरे. परंतु हौशी प्रवाशाने असे एखादे पाते खिशात घातले, की त्याचे वय त्या खड्ड्यातच राहून जाते.

भिंतीवरचा रंग कोणत्या काळचा, हे नुसत्या भिंतीवरून ठरविणे कठीण. पण भीमबेटकाच्या मातीत, नखाएवढ्या पात्यांच्याच थरांत, गेरूचे खडेही निघाले आहेत.