मोजकं बोलणारा एलएस

लिनक्सच्या टर्मिनलवर काम करणारा माणूस ज्याला उठता-बसता हाक मारतो, तो एलएस. हाक दोनच अक्षरांची आणि उत्तरही तितकंच नेमकं. फोल्डरमध्ये काय काय आहे ते सांगतो आणि थांबतो. फोल्डर रिकामा असला तर तसं सांगायलाही तोंड उघडत नाही, नुसता बाजूला होतो. नवख्याला वाटतं, कमांड चाललीच नाही. सवय झाली की या अबोलपणावर विश्वास बसतो.

त्याचा स्वभाव घडला न्यू जर्सीतल्या बेल लॅब्समध्ये. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची युनिक्स उभं करत होते तेव्हा उत्तर कागदावर उमटायचं आणि टेलिटाइप यंत्र सेकंदाला जेमतेम दहा अक्षरं छापायचं. तिथे बडबड परवडणारी नव्हती. ३ नोव्हेंबर १९७१ची तारीख असलेल्या युनिक्सच्या पहिल्या मॅन्युअलमध्ये एलएस आहे आणि त्यातले त्याचे काही पर्याय आजही त्याच अक्षरांनी चालतात.

त्यातला सर्वांत कामाचा 'एल'. तो दिला की प्रत्येक फाइलचा सातबाराच समोर येतो: ही साधी फाइल की फोल्डर, मालकाला, गटाला आणि इतरांना वाचण्या-लिहिण्या-चालवण्याचे हक्क किती, मालक कोण, गट कोणता, आकार किती बाइट, तारीख काय. एवढं सगळं सांगताना तो फाइल उघडत नाही. ही माहिती फाइलच्या आयनोड नावाच्या नोंदीत असते, तिथूनच तो ती वाचतो. म्हणून जी फाइल वाचायची आपल्याला परवानगी नाही, तिचाही आकार आणि मालक तो सांगू शकतो. आतल्या मजकुराला मात्र हात लावत नाही. ही मर्यादा मला त्याच्या सगळ्या गुणांत मोठी वाटते.

आयनोडमध्ये नाव नसतं, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. नाव फोल्डरच्या यादीत असतं आणि एकाच फाइलला अनेक नावं असू शकतात. परवानग्यांच्या शेजारचा तो दुर्लक्षित आकडा हेच मोजतो. आपण फाइल पुसतो तेव्हा खरं तर एक नाव खोडतो आणि हा आकडा एकने उतरतो. तो शून्यावर आला आणि फाइल कुणी उघडून ठेवलेली नसली, की मगच डिस्कवरची जागा मोकळी होते. तारखेचंही तसंच. ती जन्मतारीख नव्हे, मजकूर शेवटचा कधी बदलला त्याची तारीख.

टिंबाने सुरू होणारी नावं तो विचारल्याशिवाय घेत नाही. बेल लॅब्समध्येच काम केलेल्या रॉब पाइक यांनी २०१२मध्ये लिहिल्याप्रमाणे हा मुळात नजरचुकीचा परिणाम आहे. 'टिंब' आणि 'टिंब-टिंब' या दोनच नोंदी वगळायच्या होत्या, पण तपासलं गेलं फक्त पहिलं अक्षर. त्या चुकीच्या आडोशाला आज प्रत्येकाच्या घरच्या फोल्डरमध्ये असंख्य सेटिंग्ज लपलेल्या असतात.

समोर कोण आहे हे तो ओळखतो. टर्मिनलवर माणूस असला की नावं रांगांमध्ये मांडतो, उत्तर पाइपमधून दुसऱ्या कमांडकडे जाणार असलं की एका ओळीत एकच नाव देतो. तरीही त्याची लांब यादी माणसाच्या डोळ्यांसाठीच आहे. सहा महिन्यांच्या आतल्या फाइलपुढे तो तास-मिनिटं लिहितो, त्याहून जुन्या फाइलपुढे वर्ष. वाचणाऱ्याला ही सोय आहे, पण तोच रकाना कापून घेणाऱ्या स्क्रिप्टला खड्डा. पहिली 'टोटल'ची ओळ तर कुठल्याच फाइलची नसते. शिवाय 'लग्नाचे फोटो' या नावातली मोकळी जागा दिसली, की स्क्रिप्टमधला लूप त्याच्या दोन फाइली करतो. युनिक्समध्ये फाइलच्या नावात तिरकी रेघ आणि शून्य बाइट सोडून काहीही चालतं, अगदी नवी ओळसुद्धा.

म्हणून स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने एलएसचं बोलणं चिरत बसू नये, असं मी आग्रहाने सांगेन. तो जिथून माहिती आणतो तिथेच जावं. लूपला नावं शेलच्या तारांकनाने द्यावीत, नावाचा व्हेरिएबल दुहेरी अवतरणात ठेवावा आणि आकार, मालक, तारीख 'स्टॅट' या कमांडकडून हव्या त्या साच्यात मागावी. मॅकवर त्याच 'स्टॅट'चे पर्याय वेगळे आहेत, तेवढं बघून घ्यावं.

मराठी नावांनाही हीच शिस्त लागू आहे. थॉम्प्सन आणि पाइक यांनीच १९९२मध्ये रचलेल्या यूटीएफ-८मुळे 'वीजबिल' हे नाव एलएस जसंच्या तसं दाखवतो. मात्र त्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, म्हणजे काना आणि वेलांटीसुद्धा, तीन बाइट घेतं. लिनक्सच्या नेहमीच्या ईएक्सटी-४ फाइल-सिस्टिमवर नावाला २५५ बाइटांची मर्यादा आहे. तेव्हा स्क्रिप्टने मराठी नावं तयार करायची असतील, तर ८५ चिन्हांच्या आत राहावं.