शरीर कशासाठीं जपावें?

आरोग्याविषयींच्या उपदेशाची आपल्या समाजांत कधींच वाण पडलेली नाहीं. पहांटे उठावें, मित भोजन करावें, व्यायाम सोडूं नये, हें आमच्या आज्यापणज्यांना ठाऊक होतें. आजच्या सुशिक्षित कुटुंबांत तर त्याच्या जोडीला रक्तांतील साखरेचे आंकडेहि तोंडपाठ असतात. ज्ञान इतकें विपुल असतां आचरण मात्र चार दिवसांचें पाहुणें कां ठरावें? गुढीपाडव्याला आरंभिलेला नेम चैत्र सरण्यापूर्वींच सुटतो, हा अनुभव कोणत्या घरांत नाहीं? याचें खापर सामान्यतः आळसावर फोडण्यांत येतें. पण हें निदान आम्हांस अपुरें वाटतें. घटकाभर फिरून येण्यास कुरकुरणारा गृहस्थ गाण्याच्या बैठकीस रात्रभर मांडी ठोकून बसतो. आळंदीहून पंढरपुरास सुमारें २५० किलोमीटर चालत जाणाऱ्या वारकऱ्यांत सत्तरी उलटलेल्या बायाबापड्या असतात. त्यांपैकीं कोणीहि पायांच्या बळकटीसाठीं निघालेलें नसतें.

कालिदासानें ‘कुमारसंभवां’त शरीराला धर्माचें पहिलें साधन म्हटलें आहे, आणि तें वचन व्यायामाचा महिमा सांगतांना हटकून पुढें येतें. पण साधन म्हटलें कीं तें कशाचें, हा प्रश्न ओघानेंच आला. शिवाय तें वचन बटुवेष घेतलेल्या शंकराच्या तोंडीं असून, ज्या पार्वतीस उद्देशून तें आहे ती त्या वेळीं आपल्या साध्यापायीं देह झिजवीत बसली होती, ही गोष्ट उपदेशकांच्या सहसा लक्षांत येत नाहीं. १८८८ सालीं विलायतेस गेलेल्या गांधीजींचें उदाहरण आम्हांस अधिक बोलकें वाटतें. खर्चाला आळा घालावा म्हणून त्यांनीं पायीं जातां येईल अशा ठिकाणीं बिऱ्हाड केलें. गाडीभाडें वांचलें, रोज आठ-दहा मैल चालणें होऊं लागलें, आणि त्या चालण्यानेंच आपण तेथें बहुतेक निरोगी राहिलों, असें त्यांनीं आत्मचरित्रांत नमूद केलें आहे. हेतु काटकसरीचा, प्रकृति मागाहून सुधारली.

आमच्या परिचयाचे एक निवृत्त शिक्षक पुण्यास कोथरूडांत राहतात. मधुमेह त्यांना पन्नाशींतच जडला. हृदय, मूत्रपिंड, पाय, अशी एकेका अवयवाची भीति त्यांना घालून झाली. ते सर्व शांतपणें ऐकत, महिनाभर भाकरी-पालेभाजीवर राहत, आणि येईल त्या सणाच्या पुरणपोळीबरोबर पथ्याचें विसर्जन करीत. मरण कोणाला चुकलें आहे, हें त्यांचें उत्तर तयार असे. आणि तें खरें असल्यामुळें घरांत कोणासच खोडतां येत नसे.

पुढें एकदां नेत्रवैद्यांनीं औषध घालून त्यांच्या बाहुल्या विस्फारल्या व आंत पाहून सांगितलें कीं, पडद्यावरील बारीक रक्तवाहिन्या झिरपूं लागल्या आहेत. दृष्टि अजून शाबूत होती. या विकारांत ती आरंभीं शाबूतच असते, व म्हणूनच तो फसवा. साखर आटोक्यांत ठेवली तर नुकसान बरेंच टाळतां येतें. ब्रिटनमधील मधुमेह्यांच्या ज्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९८ सालीं प्रसिद्ध झाले, त्यांत साखरेवर कडक नियंत्रण ठेवलेल्यांत सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे विकार सुमारें २५ टक्क्यांनीं कमी आढळले. पण या आंकड्याचा आमच्या गृहस्थांवर परिणाम झाला असें नाहीं. त्यांना वेड होतें मोडी कागदांचें. १९१० सालीं स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळांत जावें, रुमाल सोडावा, जीर्ण कागद भिंगाखालीं धरावा, यांतच त्यांचे निवृत्तीचे दिवस जात. मोडी लिपि धांवत्या हातानें लिहिलेली. शब्दाशब्दांत अंतर नाहीं, ऱ्हस्वदीर्घाचा विचार नाहीं, आणि एका वळणाच्या फरकानें गांवाचें नांव बदलतें. तेथें अधू डोळा काय कामाचा? मरणाला न भिणारा हा मनुष्य अर्धवट वाचलेल्या एका पत्रव्यवहारासाठीं घाबरला.

त्या दिवसापासून चहांतील साखर गेली. मंडळापर्यंतची वाट रिक्षा सोडून ते पायीं चालूं लागले. निराळा व्यायाम म्हणून कांहींच केलें नाहीं, आणि हें त्यांनीं फार शहाणपणाचें केलें असें आम्हांस वाटतें. नातीच्या लग्नांत आठवडाभर सारा नेम मोडला. पूर्वीं एवढें निमित्त पुरे होतें. या खेपेस सत्यनारायण होतांच स्वारी पुन्हां वाटेला लागली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनीं ९६ जणांवर केलेला एक अभ्यास २००९ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत नवी संवय अंगवळणीं पडण्यास कोणास १८ दिवस पुरले, तर कोणास हिशेबानें २५४ दिवस लागावेत असें निघालें; मध्यम मान ६६ दिवसांचें होतें, व एखादा दिवस चुकल्यानें फारसें बिघडलें नाहीं. एवढे दिवस धीर धरावयास मनुष्याला स्वतःचें असें कांहीं तरी लागतें, आणि तें वैद्याच्या चिठ्ठीवर लिहून मिळत नाहीं.

त्यांच्या सूनबाईंनीं हाच धडा आपल्या पतीस देऊन पाहिला. चिरंजीव चाळिशीचे, बँकेंत नोकरीस. पोट सुटलेलें आणि रक्तांतील साखर सीमेवर. पण मोडीचें त्यांस सोयर ना सुतक, व डोळ्यांविषयीं त्यांची समजूत अशी कीं, चष्मा बदलला म्हणजे भागतें. वडिलांचें कारण मुलाच्या अंगाला बसेना. सूनबाई हिरमुसल्या, परंतु त्यांनीं निराश व्हावें असें आम्हांस वाटत नाहीं. कॉलेजांत असतांना हे चिरंजीव गणेशोत्सवाच्या मिरवणुकींत ढोल वाजवीत, आणि अजूनहि लक्ष्मी रस्त्यावर पथक वाजूं लागलें कीं त्यांची बोटें कठड्यावर नाचूं लागतात. परवां त्यांनीं एका जुन्या सोबत्यास विचारलें म्हणे कीं, ढोल कमरेला बांधून चार तास चालावयाचें तर तयारीला किती महिने हवेत?