विगाखालचे केस

काल रात्री ‘शेव्हलिए’ हा सिनेमा पाहिला. सुरुवातीलाच जोसेफ बोलोन भर मैफलीत मोत्सार्टला व्हायोलिनवर चीतपट करतो. टाळ्या घेणारा प्रसंग, पण साफ कल्पित, आणि मला खटकलाच. ग्वादेलूपमध्ये गुलाम आईच्या पोटी जन्मलेल्या या संगीतकाराचं मोठेपण पटवायला मोत्सार्टला कशाला हरवायचं? हायडनच्या पॅरिस सिम्फनी वाजवणारा वाद्यवृंद याच्याच हाताखाली होता. त्यावर अख्खा सिनेमा झाला असता.

१७७६मध्ये पॅरिस ऑपेराच्या प्रमुखपदासाठी त्याचं नाव पुढे आलं, तेव्हा मिश्रवर्णी माणसाचे हुकूम ऐकणार नाही, असा अर्ज काही गायिकांनी थेट राणीकडे केला. (जात पाहून दाद देणारे आपल्याकडे कमी होते थोडेच!)

मनात राहिली ती मात्र त्याची आई, नॅनॉन. दरबारी विग उतरवलेल्या मुलाच्या केसांच्या ती बारीक वेण्या घालते. तिथे दिग्दर्शकाला कुणाला हरवायची गरज भासली नाही.