अखंड पहारा : ‘लुकिंग ग्लास’ विमानांवरील कर्मचाऱ्यांच्या आठवणी

शीतयुद्धातील लष्करी आठवणींच्या वाङ्मयात बॉम्बर विमानांचे वैमानिक आणि आण्विक पाणबुड्यांवरील खलाशी यांच्या कथनांना जे स्थान मिळाले, ते हवाई आदेशकेंद्रांवर काम केलेल्यांच्या कथनांना मिळालेले नाही, आणि त्याचे कारण त्या कामाच्या स्वरूपातच आहे. हवाई आदेशकेंद्र म्हणजे असे विमान, की जमिनीवरील मुख्यालय नष्ट झाले तरी ज्यातून सैन्याला आदेश देणे चालू राहील. भारतीय वाचकाला परिचित असलेले ‘नेत्र’सारखे विमान शत्रूची विमाने दुरून टिपते, तर आदेशकेंद्राचे काम टेहळणीचे नसून निर्णय पोहोचवण्याचे असते. ज्या प्रसंगासाठी ही विमाने उडत होती तो प्रसंग कधीच आला नाही, त्यामुळे त्यांवरील कर्मचाऱ्यांच्या आठवणींत पराक्रमाचे प्रसंग जवळजवळ नाहीत. आहे ती पाळी, तपासणी आणि प्रतीक्षा. तथापि हा नित्यक्रमच त्या व्यवस्थेचा गाभा होता, हे या आठवणी वाचताना ध्यानात ठेवावे लागते.

अमेरिकेची अण्वस्त्रवाहू बॉम्बर विमाने आणि आंतरखंडीय क्षेपणास्त्रे ज्या संघटनेच्या ताब्यात होती, त्या स्ट्रॅटेजिक एअर कमांडचे मुख्यालय नेब्रास्का राज्यात ओमाहा शहराजवळच्या ऑफट हवाई तळावर भूमिगत स्वरूपात बांधलेले होते. सोव्हिएत क्षेपणास्त्राला अमेरिकेपर्यंत पोहोचण्यास सुमारे 30 मिनिटे पुरतील आणि पाणबुडीतून सोडलेल्यास त्याहूनही कमी वेळ लागेल, हे स्पष्ट झाल्यावर भूमिगत मुख्यालयाची मजबुती अपुरी ठरली, कारण ज्याचा पत्ता ठाऊक आहे ते केंद्र पहिल्या घावातच नाहीसे होऊ शकत होते. यावर कमांडचे तत्कालीन प्रमुख जनरल थॉमस पॉवर यांच्या कारकिर्दीत काढलेला तोडगा असा, की मुख्यालयाची एक प्रतिकृती सतत हवेत ठेवावी आणि तिचा ठावठिकाणा शत्रूला कळू नये. 3 फेब्रुवारी 1961 पासून हा उपक्रम अखंड सुरू झाला, आणि जमिनीवरील केंद्राचे प्रतिबिंब या अर्थाने त्याला ‘लुकिंग ग्लास’ हे नाव मिळाले.

या कामासाठी प्रारंभी इंधनवाहू केसी-135 विमानांत बदल करण्यात आले आणि पुढे ईसी-135सी हा प्रकार वापरात आला. चार इंजिनांच्या या विमानात संदेशयंत्रणांची दाटी असे. हवेतच दुसऱ्या विमानाकडून इंधन घेण्याची सोय असे. आणि मागे सोडता येणारी एक लांब तारही असे, जिच्यामुळे अतिनिम्न वारंवारितेचे, म्हणजे मोठ्या तरंगलांबीचे आणि म्हणून दूरवर पोहोचणारे, रेडिओसंदेश पाठवता येत. वैमानिक, सहवैमानिक, दिशादर्शक आणि इंधननळी हाताळणारा कर्मचारी यांच्याखेरीज विमानात एक युद्धकक्ष असे, ज्यात गुप्तवार्ता, रसद, दळणवळण आणि क्षेपणास्त्रे अशा शाखांचे अधिकारी बसत. या कक्षाचा प्रमुख किमान ब्रिगेडिअर जनरल हुद्द्याचा, म्हणजे भारतीय हवाई दलातील एअर कमोडोरच्या तोलाचा, अधिकारी असे. जमिनीवरील सर्व वरिष्ठांशी संपर्क तुटल्यास पूर्वनियोजित सूचनांनुसार सूत्रे हाती घेणे ही त्याची जबाबदारी होती.

एक फेरी साधारणपणे आठ तासांची असे, त्यामुळे दिवसाला तीन विमाने पाळीपाळीने उडत. अनुभवकथनांत वारंवार येणारा विषय म्हणजे या पाळीबदलाचा नियम : पुढचे विमान हवेत जाऊन, आपली यंत्रणा तपासून, कार्यभार स्वीकारत नाही, तोवर आधीच्या विमानाने उतरायचे नाही. अखंड हरिनाम सप्ताहात पुढच्या पहारेकऱ्याने वीणा गळ्यात घेतल्याशिवाय आधीचा ती सोडत नाही, तशीच ही व्यवस्था होती. तिचा व्यावहारिक परिणाम असा होई, की ऑफटवर हिमवादळ आले किंवा पुढच्या विमानात बिघाड निघाला, की हवेतल्या चमूची पाळी लांबत जाई. इंधन हवेत मिळू शकत असल्याने ‘इंधन संपले’ ही सबबही उरत नसे. युद्धाच्या शक्यतेपेक्षा नेब्रास्कातील हिवाळा या चमूंच्या बोलण्यात अधिक ठळक असतो, तो यामुळेच. कारण युद्ध ही संभाव्यता होती, तर बर्फाने झाकलेली धावपट्टी हे वास्तव.

आठवणींचा दुसरा विशेष त्यांच्या विखुरलेपणात आहे. लष्करी गोपनीयतेत ज्याला जेवढे ठाऊक असणे कामासाठी आवश्यक, तेवढेच त्याला सांगण्याचा दंडक असतो, आणि एकाच विमानातल्या, काही फुटांच्या अंतरावर बसणाऱ्या माणसांनाही तो लागू होता. परिणामी वैमानिकाला हवामान, इंधनाचे गणित आणि आकाशातली ठरवून अनिश्चित ठेवलेली वाट आठवते. रेडिओचालकाला कानात घुमणारी खरखर आणि ठरावीक अंतराने येणारे सांकेतिक अक्षरांचे सरावसंदेश आठवतात. तर युद्धकक्षातील अधिकाऱ्याला, बाहेरचे आकाश फारसे न पाहता, तपासणीयाद्यांत गेलेले तास आठवतात. एकच उड्डाण या तिघांच्या कथनांत तीन निरनिराळ्या घटनांसारखे दिसते, आणि म्हणून एका व्यक्तीच्या आठवणीवरून संपूर्ण यंत्रणेचे चित्र रेखाटणे अभ्यासकाच्या दृष्टीने धोक्याचे ठरते.

या सर्वांना जोडणारी वस्तू होती विमानातील तिजोरी. आदेश खरा की खोटा हे पडताळण्याचे संकेत तिच्यात असत, आणि तिला दोन कुलुपे दोन निरनिराळ्या अधिकाऱ्यांची असत, जेणेकरून कोणाही एकाला ती उघडता येऊ नये. अण्वस्त्रांशी संबंधित कोणतीही कृती एकट्या माणसाच्या हाती राहू नये, या तत्त्वाचे हे दृश्य रूप होते. 1967 पासून या तत्त्वाला आणखी वजन आले, कारण त्या वर्षी विमानातूनच मिनिटमन क्षेपणास्त्रे सोडण्याची यंत्रणा कार्यान्वित झाली. मिनिटमन ही जमिनीखालील उभ्या कोठारांत ठेवलेली घनइंधनाची आंतरखंडीय क्षेपणास्त्रे असून, एरवी ती भूमिगत नियंत्रणकक्षांतून सोडण्याची व्यवस्था होती. ते कक्ष निकामी झाल्यास विमानातील दोन अधिकाऱ्यांनी एकमेकांपासून दूर असलेल्या जागी एकाच वेळी किल्ल्या फिरवून रेडिओद्वारे आज्ञा द्यायची, अशी योजना होती. एप्रिल 1967 मध्ये कॅलिफोर्नियातील व्हॅन्डेनबर्ग तळावरून अशा पद्धतीने प्रायोगिक प्रक्षेपण झाले. ज्यांनी या किल्ल्यांचा सराव केला, त्यांच्या कथनांत नैतिक चिंतनापेक्षा कृतिक्रमाचे तपशील अधिक असतात. याला भावनाशून्यता म्हणणे उथळपणाचे होईल, कारण ठरलेला क्रम विचाराविना पार पडावा हाच प्रशिक्षणाचा हेतू होता आणि स्मृतीनेही तोच साचा स्वीकारलेला दिसतो.

नित्यक्रम आणि आणीबाणी यांतील सीमारेषा पुसट झाल्याचे प्रसंगही घडले. 24 ऑक्टोबर 1962 रोजी, क्यूबाच्या पेचप्रसंगात, स्ट्रॅटेजिक एअर कमांडची सज्जता युद्धापूर्वीच्या शेवटच्या पायरीच्या अलीकडे, म्हणजे ‘डेफकॉन 2’ या पातळीवर नेण्यात आली. 9 नोव्हेंबर 1979 रोजी उत्तर अमेरिकेच्या हवाई संरक्षण केंद्रातील संगणकावर सरावासाठी वापरायची माहिती खऱ्या इशाऱ्याच्या रूपात झळकली, तेव्हा राष्ट्राध्यक्षांसाठी राखीव असलेले हवाई आदेशकेंद्र राष्ट्राध्यक्षांना न घेताच आकाशात झेपावले. जून 1980 मध्ये एका सदोष चिपमुळे पुन्हा खोटा इशारा मिळाला, तेव्हा प्रशांत महासागर विभागाच्या आदेशविमानाने हवाईमधून उड्डाण केले. ऑफटचे विमान मात्र अशा दिवशीही मुळातच हवेत होते. त्याला धावत जाऊन उडावे लागत नव्हते. अखंड उड्डाणाचा लाभ येथे स्पष्ट होतो : इशारा खरा की खोटा हे ठरवताना घाई करण्याचा एक दबाव तरी कमी होत होता, कारण आदेशाची साखळी तुटण्याची भीती तितकी तातडीची नव्हती.

बर्लिनची भिंत कोसळल्यानंतर काही महिन्यांतच, 24 जुलै 1990 रोजी, अखंड उड्डाण थांबवण्यात आले आणि विमाने जमिनीवर सज्ज ठेवण्याची पद्धत आली. तोवर 29 वर्षांहून अधिक काळ आकाश रिकामे राहिलेले नव्हते, आणि या अवधीत 2,81,000 तासांहून अधिक उड्डाण अपघाताविना पार पडले होते. जून 1992 मध्ये स्ट्रॅटेजिक एअर कमांडच विसर्जित झाली, आणि 1 ऑक्टोबर 1998 रोजी ‘लुकिंग ग्लास’चे काम अमेरिकी नौदलाच्या ई-6बी मर्क्युरी विमानांकडे गेले. नेब्रास्कातच ॲशलँडजवळच्या संग्रहालयात एक ईसी-135सी विमान जतन केलेले आहे, आणि निवृत्त कर्मचाऱ्यांच्या दृष्टीने ही सोय विशेष मोलाची आहे, कारण ज्या कामाबद्दल घरातही बोलता येत नव्हते, त्या कामाची जागा तरी आता कुटुंबीयांना दाखवता येते.

या आठवणींचे इतिहासलेखनातील मूल्य ठरवताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. सतत उडणाऱ्या विमानांमुळे युद्ध टळले किंवा कसे, याचा निवाडा त्यांवरील माणसे करू शकत नाहीत. प्रतिपक्षाने काय गणित मांडले याचा पुरावा त्यांच्यापाशी नव्हता. मात्र धाक हा केवळ शस्त्रांच्या संख्येतून निर्माण होत नाही. आदेश देणारी यंत्रणा पहिल्या आघातानंतरही शिल्लक राहील, असा विश्वास शत्रूला वाटावा लागतो, आणि तो विश्वास एकही पाळी न चुकवता रोज नव्याने कमवावा लागत होता. अधिकृत दस्तऐवजांत त्या व्यवस्थेची रचना आणि नियम सापडतात; ते नियम कंटाळा, थकवा आणि खराब हवामान यांतून तीन दशके पाळण्यासाठी माणसांना काय करावे लागले, हे केवळ या कथनांतूनच कळते, आणि म्हणून त्यांतला रुक्ष वाटणारा तपशीलच अभ्यासकाने सर्वाधिक काळजीपूर्वक टिपून ठेवण्याजोगा आहे.