मारुतीची वही

मारुती 800 ही आपल्याकडे अस्सल देशी गाडी समजली जाते. कारखाना गुडगावचा, त्यामुळे हा समज अगदीच खोटा नाही. पण तिचे मूळ जपानचे आहे. ऑक्टोबर 1982 मध्ये सरकारी मारुती उद्योग आणि जपानची सुझुकी कंपनी यांच्यात करार झाला. 14 डिसेंबर 1983 रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी दिल्लीच्या हरपाल सिंग यांच्या हाती पहिल्या गाडीची किल्ली ठेवली. किंमत होती सुमारे 47,500 रुपये. सुरुवातीच्या गाड्यांचे बरेचसे भाग जपानहूनच येत. 1986 मध्ये गाडीचा आकार बदलला आणि पुढे 2014 पर्यंत ती बनत राहिली. तीन सिलिंडरचे 796 सीसीचे लहानसे इंजिन मात्र शेवटपर्यंत त्याच मापाचे राहिले.

आमच्या घरची गाडी दुसऱ्या आकारातली, 1987 ची. अब्बांनी ती 1996 मध्ये गोंदियातल्या एका राईस मिलवाल्यांकडून जुनीच विकत घेतली होती. ती गाडी नावाला आमची होती. मोहल्ल्यातली कितीतरी बाळंतपणे, नागपूरला न्यायचे पेशंट, वरातीतले नवरदेव, सगळे तिच्यातूनच गेले. अब्बांच्या इंतकालनंतर ती चार वर्षे अंगणातल्या टिनाच्या शेडखाली उभी राहिली. आमच्याकडचा पावसाळा म्हणजे लोखंडाचा वैरीच. बॅटरीखालचा पत्रा गळून पडला, पायाखालची जमीन चाळणी झाली, दारांच्या खालच्या कडा हाताने तुटू लागल्या. इंजिनात पाणी शिरून ते जाम झाले.

अम्मीने भंगारवाल्याला बोलवायला सांगितले होते. मुलांनी हट्ट धरला, म्हणून आम्ही घरीच काम काढले. उन्हाळ्याच्या सुट्टीत फजरनंतर ऊन चढेपर्यंत आणि मग दिवाळीच्या सुट्टीत दिवसभर. वेल्डिंगला आणि इंजिन उतरवायला मिस्त्री यायचे. बाकी खोलणे, घासणे, धुणे, जोडणे आमच्याकडे. डिस्ट्रिब्युटरच्या वायरी 1-3-2 या क्रमाने लावायच्या असतात, हे आमच्या धाकट्याला शाळेतल्या पाढ्यांपेक्षा लवकर पाठ झाले.

पहिली अडचण इंजिनाची होती. जुने बोअर करून नवे पिस्टन टाकायचे, तर तेवढ्याच पैशांत चांगले वापरलेले इंजिन मिळत होते. 2000 च्या आसपास या गाडीत इंजेक्शनची इंजिने आली. तसले इंजिन बसवायचे तर वायरिंग, पेट्रोलचा पंप, कंप्युटर सगळेच बदलावे लागते. म्हणून कार्बोरेटरवालेच शोधले. नागपूरच्या जुन्या बाजारात एकाने फारच स्वस्त इंजिन दाखवले. पण नंबरची जागा ग्राइंडरने घासलेली होती. बिल मागितले, तर तो हसला. आम्ही परत फिरलो. जो माल कोणाच्या दारातून उचलून आणला असेल अशी शंका आहे, तो स्वस्त पडला म्हणून हलाल होत नाही. पुढे 1998 च्या एका मोडीत निघालेल्या मारुतीचे इंजिन बिलासह आणि त्या गाडीच्या आरसीच्या प्रतीसह मिळाले. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार इंजिन बदलले की आरटीओला कळवून नवा नंबर आरसीवर चढवून घ्यावा लागतो. तेही करून घेतले. चासीचा नंबर तोच राहतो, आणि कायद्याच्या लेखी गाडीची ओळख त्या नंबरवरच टिकून असते.

मग एकेक भाग येत गेला. उजवे दार एका पांढऱ्या गाडीचे, रेडिएटर तिसऱ्याच गाडीचे, मागची सीट चौथ्या गाडीची. आमच्या थोरल्या मुलीने शाळेची एक जुनी वही घेतली आणि रकाने आखले: भाग, कोणत्या गाडीचा, कुठून घेतला, किंमत, तारीख. शेवटी त्यात एकतीस नोंदी झाल्या. घरात त्या वहीला गाडीचा जन्मदाखला म्हणू लागले. अम्मी एकदा वही ऐकून म्हणाली, “यात तुमच्या अब्बांचे उरले तरी काय?” आम्ही मोजून सांगितले: सांगाडा, स्टिअरिंग, मीटर, डावी दोन्ही दारे आणि डिकीचे झाकण. अम्मी थोडा वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून बसली. मग म्हणाली, “पुरे आहे.”

गाडी रस्त्यावर आली आणि वर्षभरातच मुलीच्या बी.फार्म.च्या प्रवेशाची वेळ आली. गाडी विकायचे ठरले. जुन्या गाड्यांचे हौशी आता मारुतीही शोधू लागले आहेत, हे आम्हाला तेव्हा कळले. हरपाल सिंग यांची पहिली गाडी कंपनीने पुन्हा नवी करून आपल्या कार्यालयात मांडल्यापासून ही हौस आणखी वाढली असावी. केंद्र सरकारच्या 2021 च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरील गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळू शकते. पहिली मारुती त्या वयाला डिसेंबर 2033 मध्ये पोहोचेल. पण त्या नियमात एक अट आहे. गाडी मूळ रूपात हवी. चासी, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा. म्हणजे ‘ओरिजिनल’ या एका शब्दाला पैसा आहे.

एक दलाल बाहेरगावचे गिऱ्हाईक घेऊन आला. गाडी पाहून त्या गृहस्थांचे डोळे चमकले. एक लाख चाळीस हजार म्हणाले. दलालाने आम्हाला बाजूला घेतले. “वही दाखवू नका. इंजिनही मारुतीचेच आहे ना? खोटे बोलू नका, फक्त गप्प बसा.”

फक्त गप्प बसायचे! मुलीची एका वर्षाची फी त्या गप्प बसण्यात होती. रात्री घरात यावर बोलणे झाले. कोणी म्हणाले, गिऱ्हाइकाने विचारले तर सांगू. कोणी म्हणाले, आरसीवर इंजिनाचा नंबर बदलल्याची नोंद आहेच, त्याने वाचून घ्यावी. बोलणे ऐकताना आम्हाला मदिनेच्या बाजारातला प्रसंग आठवला. प्रेषित मुहम्मद (स.) एका धान्याच्या ढिगाजवळून जात होते. त्यांनी ढिगात हात घातला, तर बोटांना ओल लागली. विक्रेत्याने सांगितले, पाऊस लागला होता. तेव्हा ओले धान्य वर का ठेवले नाही, म्हणजे लोकांना दिसले असते, असे त्यांनी विचारले. फसवणाऱ्याशी आपला संबंध नाही, हेही बजावले. त्या माणसाने तोंडाने काहीच खोटे सांगितले नव्हते. तोही फक्त गप्पच बसला होता.

गोंदियासारख्या धानाच्या मुलखात हा प्रसंग कोणाला समजावून सांगावा लागत नाही. मळणीनंतर ओला धान पोत्याच्या तळाशी घालणारे आणि वर सुका पसरणारे हात आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. फिकहमध्ये यासाठी ‘खियार-ए-ऐब’ हा स्वतंत्र विषय आहे. माल घेतल्यावर लपलेला दोष कळला, तर खरेदीदाराला तो परत करण्याचा हक्क राहतो. बदललेला भाग दोष नव्हे, आमची गाडी मूळच्यापेक्षा बरी चालते. पण ज्याला मूळचीच हवी आहे, त्याच्यासाठी ती गोष्ट लपवणे म्हणजे ओल लपवणेच.

अम्मीने वाद संपवला. म्हणाली, “लोक म्हणतील, मास्तरांच्या अब्बांची गाडी घेतली. त्यांचे नाव गाडीबरोबर जाणार आहे, तर त्याबरोबर खोटे जाऊ नये.”

सकाळी आम्ही वही त्या गृहस्थांच्या हातात दिली. त्यांनी एकतीसच्या एकतीस नोंदी वाचल्या, काही न बोलता गेले. दलालाने आमच्याकडे येणे बंद केले. तीन आठवड्यांनी तिरोड्याकडचे एक तरुण शेतकरी आले. त्यांना घरासाठी चालणारी गाडी हवी होती. त्यांनी पंच्याऐंशी हजार दिले आणि वही मागून घेतली. उद्या रेडिएटर बदलायचे झाले तर कोणत्या गाडीचे आणायचे, हे त्यांना त्यातूनच कळणार होते. फीचा राहिलेला भाग आम्ही पतसंस्थेकडून न घेता घरच्याच लोकांकडून कर्जे-हसना म्हणून घेतला. अल्हम्दुलिल्लाह, दरमहा फिटत आहे.

आपल्या समाजातली कितीतरी मुले गॅरेज चालवतात, जुन्या गाड्या आणि जुने भाग यांवर त्यांची घरे चालतात. एका गाडीचा भाग दुसरीला लावणे हे कसब आहे, त्यात कमीपणा काही नाही. टाकून दिलेली वस्तू पुन्हा उपयोगात येते. फक्त प्रत्येक गाडीबरोबर चाळीस पानी एक वही द्यावी. वहीची किंमत वीस-पंचवीस रुपये असेल. ज्या गॅरेजातून ती मिळेल, तिथे गिऱ्हाईक पुन्हा आपल्या पायाने येईल, आणि कमाईत बरकत राहील, इन्शाअल्लाह.