तगर ते नेपल्स : एका न झालेल्या प्रवासाची तयारी

परदेश प्रवासावर लिहिणारे लोक साधारणपणे जाऊन आल्यावर लिहितात. मी अजून गेलेलो नाही आणि 2029 च्या आधी जाईन असं दिसतही नाही. पण तयारी मात्र 2024 च्या जानेवारीपासून चालू आहे, आणि या विकांताला तिच्याबद्दलच लिहावं म्हटलं. जाऊन आल्यावर फोटोच इतके असतील की तयारी कुणाला आठवणार?

जायचंय इटलीत, नेपल्सला. रोम नाही, व्हेनिस नाही. मित्रांना हे सांगितलं की ते "पीत्सा खायला का?" असं विचारतात. तेही आहेच म्हणा. पण खरं कारण आहे तिथल्या पुराणवस्तू संग्रहालयात उभी असलेली एक हस्तिदंती बाई. उंची वीतभराहून थोडी जास्त, 24-25 सेंटिमीटर. अंगावर दागिने भरपूर, कपडे जवळजवळ नाहीतच, आणि दोन्ही बाजूंना दोन छोट्या दासी. 1938 साली अमेदेओ मायुरी या पुरातत्त्वज्ञाच्या देखरेखीखाली पाँपेईत उत्खनन चालू असताना एका घरात ती सापडली. इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियसचा उद्रेक झाला आणि पाँपेई राखेखाली गेलं, त्याच्यासोबत हीसुद्धा. बाई अस्सल भारतीय. आधी तिला लक्ष्मी म्हणाले, आता बरेच अभ्यासक यक्षी म्हणतात.

आता हिचा आणि आमच्या धाराशिवचा (2023 पर्यंत कागदोपत्री उस्मानाबाद) संबंध काय?

संबंध तेरचा. धाराशिवपासून वीसेक किलोमीटरवर, तेरणा नदीकाठचं गाव. आमच्या भागात तेर म्हणजे गोरोबाकाका, विषय संपला. शाळेची सहल गेली, समाधीचं दर्शन घेतलं, डबे खाल्ले, परत आलो. पण याच तेरमध्ये रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर पांढरीच्या मातीतून निघणाऱ्या जुन्या वस्तू जमवल्या आणि त्यातून तिथलं सरकारी वस्तुसंग्रहालय उभं राहिलं. त्या संग्रहात एक हस्तिदंती बाहुली आहे, आणि ती पाँपेईच्या बाईची सख्खी बहीण शोभेल अशी आहे. तसलीच आणखी एक जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला मिळाली. पाँपेईची मूर्ती नेमकी तेरलाच घडली असं कुणी छातीठोकपणे म्हणत नाही. तिच्यावर एक खरोष्ठी अक्षर आहे आणि ती लिपी वायव्येकडची, त्यामुळे वाद आहेत. पण घराणं एक, हे डोळ्यांना दिसतं.

हे कळल्यावर वाटलं, एकदा तिला बघून यायचं. पण नुसतं तिकीट काढून, सेल्फी घेऊन नाही. नीट तयारी करून. तयारीचे तीन भाग पाडले (इंजिनियर माणूस, त्याला इलाज नाही) : वाचन, भाषा आणि पैसा.

वाचनाची सुरुवात 'पेरिप्लस'पासून. पहिल्या शतकात इजिप्तमधल्या कुणा ग्रीकभाषी व्यापाऱ्यानं लिहिलेली ही समुद्रप्रवासाची वही. इंग्रजीत शॉफचं 1912 चं भाषांतर नेटवर चकटफू मिळतं, कॅसनचं 1989 चं जास्त काटेकोर आहे. त्यात पैठण आहे, आणि पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर 'तगर' नावाचं फार मोठं शहर आहे. तिथून साधं कापड, मलमल असा माल गाड्यांत भरून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदरात जायचा. तगर म्हणजेच तेर, हे फ्लीट यांनी 1901 मध्ये दाखवून दिलं. (रस्त्यांबद्दल मी पुढे काही बोलत नाही. परंडा-धाराशिव एसटीनं हाडं मोजत गेलेल्या माणसानं काय बोलावं!)

मग प्लिनी भेटला. थोरला प्लिनी, रोमन लेखक. त्याची तक्रार अशी की भारत दरसाल आपल्या साम्राज्याचे 5 कोटी सेस्टर्स ओढून नेतो. आणि हाच प्लिनी 79 साली व्हेसुव्हियसच्या त्याच उद्रेकात मेला. म्हणजे भारतीय वस्तूंवर पैसा उधळतात म्हणून कुरकुरणारा माणूस आणि तशी एक वस्तू, दोघांचा शेवट एकाच ज्वालामुखीनं केला. हे वाचलं त्या रात्री मला दोन वाजेपर्यंत झोप नाही.

भाषेचं प्रकरण अजून मजेदार. कोथरूडमधल्या एका बाईंकडे दर रविवारी सकाळी इटालियन शिकतो. इंग्रजीतून शिकायला बसलो तेव्हा काही डोक्यात शिरेना. मग इंग्रजी मधून काढून टाकली आणि सगळं सोपं झालं. 'मला कॉफी आवडते'ला इटालियन म्हणतात 'मी प्याचे इल काफ्फे'. इथे 'मी' म्हणजे आपलं 'मला' बरं का! आवडणारी वस्तू कर्ता, आणि आवडून घेणारा बिचारा चतुर्थीत. वस्तू अनेक झाल्या की क्रियापदही बदलतं : 'मी प्याच्चोनो', म्हणजे 'आवडतात'. अगदी आपल्यासारखं. 'जातो' म्हटलं की 'मी' वेगळा सांगावा लागत नाही, तेही तसंच. आणि उच्चारात तर आपण जन्मजात पुढे. 'चार'मधला च आणि गुरांच्या 'चाऱ्या'तला च वेगळे, हे मराठी माणसाला शिकवावं लागत नाही. 'चाव' म्हणताना पहिला, 'पीत्सा' म्हणताना जवळपास दुसरा. वर्गातली इतर राज्यांतली मुलं यावर महिनाभर अडकली होती, मी आपला परंडा तालुक्याच्या जिवावर पास.

राहिला पैसा. तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वीचं सोडा, त्याहून जुना एक कागद व्हिएन्नात आहे. दुसऱ्या शतकातला, केरळातल्या मुझिरिस बंदराशी चाललेल्या व्यापाराच्या कर्जाचा करार. म्हणजे तेव्हाचे व्यापारीसुद्धा कर्ज काढून समुद्रावर निघायचे! पण त्यांची जहाजं परतताना मिरी घेऊन यायची, मी काय आणणार? फ्रिजला चिकटवायचं चुंबक. तेव्हा कर्ज बाद. महिना 6,000 रुपयांची आरडी, 36 महिने, 2,16,000 रुपये अधिक व्याज. त्यात विमान, राहणं, जेवण, शेंगेन व्हिसाचे 90 युरो, किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा, आणि नेपल्सहून पाँपेईला जाणारी लोकल. एक्सेलमध्ये पत्रक तयार होतं. संग्रहालय मंगळवारी बंद असतं, हेसुद्धा त्यात होतं.

घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "लक्ष्मी बघायला इतक्या लांब? तुळजापूर काय लांब पडलं का तुला?" आण्णा काही बोलले नाहीत. त्यांचं न बोलणं म्हणजे 2 लाखांत किती पाइपलाइन होते याचा मनातला हिशेब.

आणि मग 2025 चा सप्टेंबर आला. मराठवाड्यात काय पाऊस झाला ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. भूम-परंड्यात आम्ही ते अंगणातून पाहिलं. दुष्काळी म्हणून ओळखला जाणारा आमचा मुलूख, आणि सीनेचं पाणी रानात. काढणीला आलेलं सोयाबीन गेलं. पीक गेलं तर पुढच्या हंगामाकडे बघता येतं, पण आमच्या खालच्या तुकड्यातली मातीच खरडून गेली होती. मोटार गाळात. माती भरायची, मोटार, पाइप, ज्वारी-हरभऱ्याची पेरणी... आरडीचे 21 हप्ते झाले होते, 1,26,000 रुपये. मोडली. मोबाइलवर चार वेळा बोट लावलं की मोडते, विशेष काही लागत नाही.

आण्णांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ती बाई दोन हजार वर्सं उभीच हाय नव्हं तिथं? आनखी चार वर्सांत काय बसनार हाय व्हय?"

आता हे सगळं कशासाठी सांगतोय? दया वगैरे नको आहे. गावात आमच्यापेक्षा कितीतरी जास्त गेलेली घरं आहेत. मुद्दा वेगळाच आहे. त्या महिन्यात मला वाटलं होतं की प्रवास गेला, आता रविवारचा वर्ग तरी कशाला? पण रविवार आला आणि गेलो. आणि लक्षात आलं की तीन खात्यांपैकी एकच खातं रिकामं झालंय. बाकीच्या दोन खात्यांवर कसली नड लागू होत नाही. प्लिनी आहे तिथेच होता, 'मी प्याचे' आहे तिथेच होतं. तयारी करताना मी पैसा मुख्य धरला होता आणि बाकीचं तोंडी लावणं. निघालं उलटं. पैसा हा तयारीचा सगळ्यात ठिसूळ भाग. तो पहिला मोडतो, आणि पुन्हा उभाही करता येतो. नव्या आरडीचा पहिला हप्ता 2026 च्या जानेवारीत गेला. पुन्हा 36 महिने.

एक अजून. त्या दिवाळीत आईला घेऊन तेरला गेलो, गोरोबाकाकांच्या दर्शनाला. वाटेत एसटीत तिला सगळी कथा सांगितली. गाड्या, कापड, भडोचचं बंदर, पावसाळी वाऱ्यावर चालणारी जहाजं, ज्वालामुखी, आणि सापडल्यावर नेपल्सच्या ज्या 'गुप्त दालना'त ती ठेवली ते दालन 2000 सालापर्यंत धड सगळ्यांना खुलंही नव्हतं, तेही. वर्षभर वाचलेलं सगळं एका तासात बाहेर पडलं. आई खिडकीतून बाहेर बघत ऐकत होती. मला वाटलं, तिला झोप लागली असेल.

तेरचा थांबा आला तशी पिशवी उचलत म्हणाली, "म्हंजी हिकडचीच लेक की ती. इतकी वर्सं माहेरचं कुनी गेलं न्हाई तिच्याकडं?"

म्हटलं, नाही बहुतेक.

"मग जाऊन ये की. आन् जाताना तिच्यासाठी कायतरी घेऊन जा."

एक्सेलच्या पत्रकात तेवढी एक ओळ वाढवली आहे. रक्कम अजून टाकलेली नाही.