कारवीच्या वर्षी

मेट्रोतल्या ध्वनिमुद्रित आवाजाने 'पुढील स्थानक राष्ट्रीय उद्यान' म्हटलं आणि मी सावरून बसले. आम्ही बोरिवलीकर नॅशनल पार्क म्हणायचो, तेही घाईघाईत, एकाच शब्दात. 'नॅशनलपार्कात जाऊन येतो,' कोपऱ्यावरून दूध आणायला निघावं तसं. उंच फलाटावर उतरले तर पूर्वेला डोंगर दिसला. लहानपणी हायवेवरून मान वर करून बघायचो, आता तो जवळजवळ खांद्याला लागला होता. भाद्रपद चालू होता. माथ्यावर ढग टेकलेले आणि खाली सगळं ओलं, गच्च हिरवं.

सोळा वर्षं मी इथे पाऊल टाकलं नव्हतं. मुंबईत येणं होतंच. लग्नं, बारशी, दवाखाने, घराची कागदपत्रं, सगळ्यासाठी नागपूरहून येत होते. पार्क तेवढा राहून जायचा. ज्यांची आपल्याला खात्री असते त्याच गोष्टी राहून जातात.

बाबांनी मला कारवी दाखवली ती २००८च्या सप्टेंबरात, कान्हेरीच्या रस्त्याकडेच्या उतारावर. कारवी सात वर्षं नुसती वाढते. खरखरीत पानांचं, माणसाच्या उंचीचं झुडूप. कुणी वळून बघणार नाही असं. आठव्या पावसाळ्यात मात्र सगळ्या उताराला एकदम बहर येतो, निळसर जांभळा. मग ती बी धरते आणि मरते. बाबा बँकेत होते. मुदत ठेवीच्या तारखा सांगाव्यात तशा स्वरात ते म्हणाले, "आता सोळा साली. मग चोवीस."

२००९च्या मार्चमध्ये मी नागपूरला गेले. जूनमध्ये, पहिला पाऊस झाला त्या सकाळी त्यांचा फोन आला. कारवीची वाळलेली बोंडं फुलोऱ्यानंतर झाडावरच राहतात. पुढच्या वर्षीच्या पावसाचं पाणी लागलं की फट्‌कन फुटतात आणि बिया दूर उडवतात. उताराशी उभं राहिलं तर ते फुटणं ऐकू येतं. बाबांनी मोबाइल उताराकडे धरला होता. "ऐक, ऐक." मला नुसता पाऊस ऐकू येत होता. मी म्हटलं, "हो बाबा, येतंय ऐकू."

२०१६मध्ये त्यांनी बोलावलं. मुलीची दहावी होती, ऑफिसात तपासणी होती. पुढच्या वेळी नक्की, असं मी म्हटलं. पुढची वेळ म्हणजे आठ वर्षं हे दोघांनाही ठाऊक होतं. ते काही बोलले नाहीत. २०१९मध्ये बाबा गेले.

तर मी चोवीस साली आले. दारातून आत गेल्यावर हॉर्नचे आवाज जिथे मागे पडतात ती जागा पायांना आठवत होती. दहिसर नदी तुळशी तलावाच्या अंगाने खाली येते, ती भरून वाहत होती. ह्याच पाण्याची पुढे वस्तीत काय गत होते हे ज्याने पाहिलंय, त्याला इथे पुलावर थोडा वेळ थांबावंच लागतं. 'वनराणी' बंद होती. २०२१च्या तौक्ते वादळात तिच्या मार्गाची नासधूस झाली, तेव्हापासून ती छोटी गाडी धावली नव्हती. रुळांमध्ये टाकळा माजला होता. बोगद्यातून जाताना आम्ही पोरं ओरडायचो ते आठवलं.

कान्हेरीची बस सोडली आणि पायी निघाले. पाच-सहा किलोमीटर, दोन्ही बाजूंनी झाडी, मधूनच एखादी सर. बाबा ह्या रस्त्याने मोठ्याने बोलत चालायचे. २००४मध्ये बिबट्यांच्या हल्ल्यांनी सगळं उपनगर हादरलं होतं, तेव्हापासूनची ती सवय. शंभरेक चौरस किलोमीटरचं हे रान, चहूबाजूंनी शहराने वेढलेलं, आणि २०१५मध्ये कॅमेरा सापळे लावून मोजलं तर इथे नि भोवताली पस्तीस बिबटे निघाले. "त्याला कळू दे आपण येतोय ते," बाबा म्हणायचे, "पाहुण्याने हाक मारूनच दारात यावं."

आधी आली ती गुणगुण. मधमाश्यांची, एवढी दाट की पावसाची भुरभुर तिच्याखाली दबली. वळण घेतलं आणि उतार दिसला. वरपासून खालपर्यंत कारवी फुललेली. पावसाने गळलेली फुलं रस्त्याच्या कडेच्या पाण्यात साचली होती. एका तुऱ्याला हात लावला तर बोटं चिकट झाली. तो वास मी विसरले होते. खरं म्हणजे, विसरले होते हेही तेव्हाच कळलं.

मी समजत होते, ओळखीच्या उताराला भेटायला आले आहे. तिथेच उभ्या उभ्या हिशेब मांडला. बाबांनी बोट दाखवलेली झुडपं त्या बहरानंतर वाळून गेली. त्यांच्या बियांतून आलेली २०१६ला फुलली आणि गेली; ती तर माझ्या नजरेलाही पडली नाहीत. समोरची ही त्यांची नातवंडं. अख्खा उतार दोनदा मेला होता, दोनदा उगवला होता, आणि मी नागपुरात बसून तो तसाच आहे असं धरून चालले होते. बाबांना हे नक्की ठाऊक असणार. दर आठ वर्षांनी झाडं वेगळी. तरी ते कायम 'आपली कारवी' म्हणायचे.

कान्हेरीच्या पायऱ्यांपाशी एक मावशी काकड्या घेऊन बसल्या होत्या. काकडी चिरून तिखटमीठ भरता भरता त्यांनी विचारलं, "कारवी बघायला आलात?" त्यांच्या आईच्या घराच्या भिंती कारवीच्या कुडाच्या होत्या, शेणामातीने लिंपलेल्या. "थंडगार असायचं घर," त्या म्हणाल्या. आता पाड्यात विटाच. त्यांनी कारवी किती वेळा फुललेली पाहिली, असं मी विचारलं. त्यांनी बोटं मोजली नाहीत. मुलांच्या जन्मांवरून सांगू लागल्या. थोरल्याच्या वेळी एकदा, धाकटीच्या लग्नाच्या आधी एकदा.

वर लेण्यांत गर्दी होती. शंभरावर लेणी, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून हजारएक वर्षं कोरली जात राहिलेली. चैत्यगृहापेक्षा बाबांचा जीव पाण्याच्या टाक्यांवर. पावसाचा थेंबन् थेंब कातळात खोदलेल्या पन्हळींतून टाक्यात नेलेला. इथल्या शिलालेखांत टाक्याला 'पोढी' म्हटलं आहे आणि ती कुणी दान दिली त्यांची नावं आहेत. बाबांना तो शब्द फार आवडे. घरातल्या पिंपालाही ते पोढीच म्हणत. नव्वद क्रमांकाच्या लेण्यात १००९ साली आलेल्या पारशी मंडळींनी पहलवी लिपीत आपली नावं कोरली आहेत, आणि १०२१ साली आलेल्यांनीही. "मध्ये बारा वर्षं," बाबा म्हणायचे, "म्हणजे दीड कारवी."

एका पोढीच्या काठाशी बसून मी ती काकडी खाल्ली. पाण्यात आभाळ हलत होतं.

एक काम मात्र उरलं होतं, आणि ते पुढच्या पावसाशिवाय होणार नव्हतं. २०२५ साली पाऊस भलताच लवकर आला. २६ मेला मान्सून मुंबईत पोहोचल्याची बातमी ऐकली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी विदर्भ एक्स्प्रेस पकडली. त्याआधीच्या वळिवात बोंडं फुटून गेली असतील, अशी रात्रभर धाकधूक. सकाळी थेट उताराशी जाऊन उभी राहिले. फुलांचा मागमूस नव्हता. वाळक्या, काळपट काड्यांचं रान, आणि त्यांच्या बुडाशी कोवळं गवत. पाऊस पडत होता. छत्रीवरच्या आवाजात काहीच कळेना, म्हणून ती मिटली.

बराच वेळ नुसता पाऊस.

मग उजव्या हाताला, गुडघ्याच्या उंचीवर, फट्. थोडं थांबून वरच्या बाजूला आणखी एक. मग जवळच दोन, लागोपाठ. काहीतरी बारीकसं माझ्या मनगटावर आपटलं आणि गवतात पडलं.

"हो बाबा," मी मोठ्याने म्हटलं, "येतंय ऐकू."